नॅरोबँड रिपीटरसाठी दोन मीटरचा सेट कोणता घ्यावा?

मृद्गंध, लेस्टर

नमस्कार मंडळी. जुन्या धाग्यांवरून इथे बरेच हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, आहेत असं दिसलं, म्हणून विचारते. मी इंग्लंडमध्ये असते आणि फाउंडेशन, म्हणजे पहिल्या पायरीचा, परवाना नुकताच हातात आलाय. क्लबने एक जुना हँडी (हातात धरायचा सेट) वापरायला दिलाय. त्यावरून जवळच्या दोन मीटर बँडच्या (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) रिपीटरवर, म्हणजे आपला सिग्नल घेऊन पुन्हा जोरात सोडणाऱ्या केंद्रावर, बोलते तेव्हा रिपीटर लगेच उघडतो, तो उघडायला लागणारा सीटीसीएसएस टोन बरोबर आहे, सिग्नल भरपूर आहे. तरीही समोरचे सांगतात की जोर देऊन उच्चारलेले शब्द तुटतात. हळू बोललं की सगळं ऐकू जातं, उत्साहात आवाज चढला की मधले तुकडे गायब. रिपीटर सांभाळणाऱ्या आजोबांनी निरोप दिला, "तुमचं डेव्हिएशन जास्त आहे, आमचा रिपीटर साडेबारा किलोहर्ट्झचा आहे."

आता स्वतःचा सेट घ्यायचाय. दुकानदाराला विचारलं तर म्हणे आजकाल सगळेच सेट नॅरो, म्हणजे अरुंद चॅनेलचे, असतात. बजेट दीडशे पौंडांच्या आसपास. हँडी की मोबाइल सेट (गाडीत बसवतात तसला), ते ठरलेलं नाही. घर तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी आहे. अमेरिकेतला भाऊ तिकडून घेऊन येऊ का म्हणतोय. नेमकं काय बघून घ्यायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तारमास्तर, पुणे

परवान्याबद्दल आधी अभिनंदन!

आजोबांचं निदान अगदी बरोबर आहे. एफएममध्ये तुमचा आवाज जितका मोठा होतो तितकी वाहक लहर मधल्या बिंदूपासून दूर झुलते. हा झोका म्हणजे डेव्हिएशन. पंचवीस किलोहर्ट्झच्या चॅनेलसाठी कमाल झोका ५ किलोहर्ट्झ धरतात, साडेबाराच्या चॅनेलसाठी २.५. एकूण किती जागा लागते ते काढायला कार्सनचा नियम आहे: कमाल डेव्हिएशन आणि आवाजातली सर्वात वरची फ्रिक्वेन्सी यांची बेरीज करायची आणि दुप्पट करायची. बोलण्यासाठी ३ किलोहर्ट्झ धरा. जुन्या पद्धतीने १६ किलोहर्ट्झ होतात, नॅरोमध्ये ११. आता रिपीटरच्या रिसीव्हरमधला फिल्टर अकराबाराच्या हिशोबाने बसवलेला असेल तर तुमचे सोळा त्यात मावणार कसे? तुम्ही जोरात बोललात की सिग्नल फिल्टरच्या भिंतीबाहेर जातो, रिपीटरच्या स्क्वेल्चला (गोंगाट आला की आवाज बंद करणाऱ्या सर्किटला) तो गोंगाट वाटतो आणि तो तेवढ्यापुरता दार लावून घेतो. शब्द तुटतात ते म्हणून. सिग्नल कमी पडतोय असं समजून पॉवर वाढवली तर काहीही फरक पडत नाही.

खरेदीबद्दल एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. "नॅरो" हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक, प्रक्षेपण करताना डेव्हिएशन निम्मं होणं. दोन, ऐकताना रिसीव्हरचा फिल्टर अरुंद होणं. काही सेटमध्ये दोन्ही होतं, काहींत फक्त पहिलं. दुकानदार दोघांनाही नॅरोच म्हणतो. तेव्हा त्याला नुसतं "नॅरो आहे का" विचारू नका, "रिसीव्हला फिल्टर बदलतो का" असं विचारा. उत्तर देता आलं नाही तर मॅन्युअलच्या शेवटी स्पेसिफिकेशनचं पान उघडा. तिथे सिलेक्टिव्हिटीच्या (शेजारचा सिग्नल गाळण्याच्या क्षमतेच्या) रकान्यात वाइड आणि नॅरो असे दोन वेगळे आकडे दिसले तर फिल्टर दोन आहेत. एकच आकडा असेल तर एकच फिल्टर, बाकी काहीही छापलेलं असो.

पाऊसवेडा

वाखु (वाचनखूण) साठवली. माझा परीक्षेचा अभ्यास चालू आहे, हे कामाला येणार.

थेम्सकाठ, रेडिंग

तारमास्तरांनी पाया घातलाच आहे, मी इथल्या परिस्थितीचं सांगतो. इंग्लंडमध्ये दोन मीटरचे रिपीटर साडेबारा किलोहर्ट्झच्या अंतरावर ठेवलेले आहेत. आउटपुट १४५.६०० मेगाहर्ट्झपासून वर, चॅनेलची नावं आरव्ही४८ पासून पुढे, आणि इनपुट ६०० किलोहर्ट्झ खाली. म्हणजे आरव्ही४८ नंतर आरव्ही४९ येतो तो १४५.६१२५ वर. देश लहान, डोंगरावरचे रिपीटर लांब ऐकू येतात, त्यामुळे शेजारच्या चॅनेलवरचा रिपीटर दोनतीन काउंट्यांपलीकडचा असला तरी तुमच्या कानात शिरतो. उन्हाळ्यात हवेचा दाब चढला की तर विचारूच नका, समुद्रापलीकडचे फ्रेंच आणि डच रिपीटरही गप्पा मारायला येतात. अशा वेळी रिसीव्हरला खराखुरा अरुंद फिल्टर असण्याचं महत्त्व कळतं.

आता मॉडेल. याएसूचा एफटी-६०आर हँडी इथे खूप जणांकडे आहे आणि तो दणकट आहे यात वाद नाही. त्यात हाफ डेव्हिएशन नावाची सेटिंग आहे. ती चालू केली की तुमचा शब्द तुटण्याचा त्रास जाईल, पण ती फक्त प्रक्षेपणाची सेटिंग आहे. आयकॉमच्या आयसी-२७३०ई सारख्या मोबाइल सेटमध्ये एफएम आणि एफएम-एन असे दोन मोड आहेत आणि रिसीव्हरही त्याप्रमाणे बदलतो. पण तो नवा घेतला तर तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही.

बाओफेंग यूव्ही-५आर स्वस्त आहे. त्यातली पाचव्या क्रमांकाची मेनू डब्ल्यूएन ही वाइड-नॅरोची आहे. त्यात आरडीए१८४६ नावाची एकच चिप सगळं काम करते, फिल्टर चिपच्या आत डिजिटल आहे, त्यामुळे नॅरो केलं की ऐकण्याची बाजूही अरुंद होते. ही त्याची जमेची बाजू. पण त्या चिपच्या पुढे संरक्षण असं फारसं काही नाही. जवळपास जोरदार ट्रान्समीटर असेल तर रिसीव्हर बधिर होतो. बाहेर उंच अँटेना लावली की हा त्रास आणखी वाढतो. शिवाय काही नगांची हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नकोसे सिग्नल) आटोक्यात नसतात. फिरताना खिशात ठेवायला चालेल, घरचा मुख्य सेट म्हणून मी सुचवणार नाही.

मृद्गंध

किती नीट समजावलंत, आभार. दोन शंका. क्लबच्या हँडीत वाइड-नॅरो असं काही नाहीच, तर तोवर माइक गेन कमी करून किंवा माइक लांब धरून भागेल का? आणि सेट नॅरोवर टाकला तर वाइड रिपीटरवर बोलता येणार नाही का?

तारमास्तर

माइक लांब धरून तात्पुरतं भागेल, पण तो इलाज नाही. कारण सांगतो. माइकचा आवाज आधी वाढवला जातो, मग लिमिटर येतो, मग ३ किलोहर्ट्झच्या वरचं कापणारा फिल्टर, मग मॉड्युलेटर. कमाल डेव्हिएशन ठरतं ते लिमिटरच्या पुढे. माइक गेन आहे त्याच्या अलीकडे. गेन कमी केलात तर सरासरी आवाज खाली येईल, पण तुम्ही खळखळून हसलात की लिमिटर तरीही पूर्ण ५ किलोहर्ट्झपर्यंत जाऊ देणार. आणखी एक, सीटीसीएसएसचा टोन लिमिटरच्या नंतर मिसळतात. त्याची पातळी माइक गेनला दाद देत नाही. वाइड सेटमध्ये तो टोन साधारण ५०० ते ८०० हर्ट्झ डेव्हिएशनचा असतो, नॅरोसाठी त्याच्या निम्मा पुरतो. म्हणजे माइक दाबून ठेवलात तर आवाज बारीक आणि खाली टोनची घरघर मोठी, असं विचित्र मिश्रण रिपीटरवर जातं. खरी नॅरो सेटिंग सगळंच प्रमाणात खाली आणते.

दुसऱ्या शंकेचं उत्तर: नॅरो सिग्नल वाइड रिपीटरवर जातो, बिघडत काही नाही, फक्त आवाज दबलेला येतो, साधारण ६ डेसिबलने. ऐकणाऱ्याला आवाज वाढवावा लागतो एवढंच. उलट बाजूने, नॅरो रिपीटर वाइड सेटवर हळू ऐकू येतो. सेट बिघडलाय असं समजून पुष्कळ जण दुरुस्तीला धावतात, धावू नये. प्रत्येक चॅनेलला मोड वेगळा साठवता येतो. चर्प (सेटमध्ये चॅनेल भरायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर मोडच्या रकान्यात नॅरो रिपीटरसमोर एनएफएम लिहा, वाइडसमोर एफएम. रिपीटरबुक किंवा इतर यादीतून चॅनेल आयात केलेत तर तो रकाना स्वतःच्या डोळ्यांनी तपासा, बहुतेक वेळा तिथे सरसकट एफएम पडलेलं असतं.

ओहायोकर

भावाकडून मागवण्याबद्दल मी लिहितो, कारण मी अमेरिकेत आहे आणि हा प्रश्न इथे उलटा आहे. आमच्याकडे दोन मीटर म्हणजे १४४ ते १४८, रिपीटर प्रांताप्रमाणे १५ किंवा २० किलोहर्ट्झच्या अंतरावर आणि बहुतेक सगळे अजूनही ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनवर. १ जानेवारी २०१३ पासून आमच्या रेडिओ नियामकाने, एफसीसीने, व्यावसायिक वापरकर्त्यांना, म्हणजे पोलीस, अग्निशमन, टॅक्सी वगैरेंना साडेबारावर आणलं. हॅमना ते बंधन नव्हतं. त्यामुळे अमेरिकेतल्या हॅम सेटवर नॅरो हा कोपऱ्यात पडलेला पर्याय आहे आणि विकणाऱ्यालाही त्याची फिकीर नसते.

इथून सेट नेण्याचे तोटे असे की ऑटो रिपीटर शिफ्टची आखणी अमेरिकन असते. तुमच्या १४५.६०० वर तो आपोआप वजा ६०० लावणार नाही, प्रत्येक चॅनेलला हाताने द्यावा लागेल. १७५० हर्ट्झचा टोन बर्स्ट (काही रिपीटर उघडायची छोटी शिट्टी) बऱ्याच अमेरिकन मॉडेलांत नसतो. तुमच्या परवान्यावर १४६ च्या वर प्रक्षेपण करायला परवानगी नाही, आणि हा सेट तिथे प्रक्षेपण करू देतो, म्हणजे चुकून बोट पडलं तर जबाबदारी तुमची. शिवाय वॉरंटी इकडे राहिली. भावाला चॉकलेट आणायला सांगा, सेट तिथेच घ्या.

थेम्सकाठ

ओहायोकरांना दुजोरा. टोनबद्दल थोडं: इथे टोन प्रदेशाप्रमाणे ठरवलेले आहेत आणि रिपीटर मोर्समध्ये ओळख देताना शेवटी एक अक्षर वाजवतो, त्यावरून टोन कळतो. सी म्हणजे ७७.०, डी म्हणजे ८२.५, जी म्हणजे १०३.५ असं. यादी आरएसजीबीच्या (इथल्या हॅमांच्या संस्थेच्या) ईटीसीसी या रिपीटर समितीच्या संकेतस्थळावर मिळते, पण तुम्ही गाडीत असाल आणि मोर्स कानाने कळत असेल तर यादीची गरजच नाही. मोर्स शिकायला याहून सोपं निमित्त नाही!

मृद्गंध

चॉकलेटचं कळवलं आहे. :) म्हणजे इथेच घ्यायचा. पण दीडशे पौंडांत खरा दोन फिल्टरवाला मोबाइल सेट मिळणारच नाही का?

गिरणीकर, बर्मिंगहॅम

मिळतो. आतापर्यंत कोणीच व्यावसायिक सेटचं नाव काढलं नाही म्हणून लॉगिन केलं. माझं उभं आयुष्य पीएमआर, म्हणजे टॅक्सी-ट्रकवाल्यांच्या व्यावसायिक सेटच्या, दुरुस्तीत गेलं, त्यामुळे या विषयावर मला राहवत नाही.

अमेरिकेने २०१३ ला केलं ते या देशाने टॅक्सी आणि ट्रकच्या सेटसाठी कैक दशकं आधी केलं होतं. इथले जुने व्यावसायिक व्हीएचएफ सेट जन्मजात साडेबाराचे आहेत. साडेबारावर शेजाऱ्याला त्रास न देता दिवसभर काम करणं हीच त्यांची नोकरी. कंपन्या डिजिटलवर गेल्या आणि हे सेट रॅलीत, म्हणजे इथल्या हॅम बाजारात, टेबलाखालच्या खोक्यांत पडलेले मिळतात. टेट टीएम८११० चा बी१ बँडचा सेट बघा, तो १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ चालतो, म्हणजे दोन मीटर त्यात आरामात बसतं. पंचवीस वॉट. प्रत्येक चॅनेलला नॅरो, मिडियम किंवा वाइड वेगळं लावता येतं. हँडी हवा असेल तर मोटोरोला जीपी३४० चा व्हीएचएफ नग, त्यातही १२.५, २० आणि २५ असं बदलता येतं. हॅम सेटच्या शेजारी ठेवून ऐका. शेजारच्या चॅनेलवर कोणी तावातावाने बोलत असताना तुमच्या चॅनेलवरचा क्षीण सिग्नल स्वच्छ ऐकू येतो. मी हे वर्कबेंचवर इतक्या वेळा पाहिलंय, तरी अजून आवडतं.

अडचणीही सांगतो. समोरच्या पट्टीवर फ्रिक्वेन्सी फिरवायची सोय नाही. चॅनेल कॉम्प्युटरवरून भरावे लागतात, त्याला केबल आणि विंडोजवरचं सॉफ्टवेअर लागतं. क्लबमध्ये कोणाकडे तरी असतंच, आधी विचारा आणि मगच सेट घ्या. घेताना मागच्या पट्टीवरचा बँडचा कोड वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. यूएचएफचा सेट बाहेरून अगदी तसाच दिसतो.

आणि जुन्या सेटबद्दल एक सावधगिरी. फ्रिक्वेन्सीचा अचूकपणा बघा. २.५ पीपीएमचा (दशलक्षात अडीच भाग चुकणारा) सेट १४५ मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त साडेतीनशे हर्ट्झच्या आसपास सरकतो, ते चालतं. १० पीपीएमचा जुना हॅम सेट दीड किलोहर्ट्झपर्यंत सरकू शकतो. वाइडमध्ये ते खपून जायचं. नॅरोमध्ये झोका बरोबर असूनही एका बाजूला भिंतीला घासतो आणि आवाज खरखरतो. लोक मग डेव्हिएशन कमी करत बसतात आणि दोष असतो फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलमध्ये.

तारमास्तर

गिरणीकर, आलात ते बरं झालं. मृद्गंध, यांचा सल्ला माझ्या सल्ल्यापेक्षा वरचा धरा.

पाऊसवेडा

विद्यार्थ्याची शंका: घरी महागडी यंत्रं नसताना आपलं डेव्हिएशन खरंच २.५ आहे की नाही हे कसं तपासायचं?

गिरणीकर

सुंदर प्रश्न. महागडी यंत्रं लागत नाहीत. एक आरटीएल-एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला जोडायचा छोटा रिसीव्हर) आणि मोबाइलवरचं टोन वाजवणारं अॅप पुरे.

एफएमचा एक गुण असा की शुद्ध टोनने मॉड्युलेट करताना डेव्हिएशन आणि टोनची फ्रिक्वेन्सी यांचं गुणोत्तर २.४०५ झालं की मधली वाहक लहर पूर्ण नाहीशी होते, सगळी ताकद बाजूच्या रेषांत जाते. बेसेल फलनांचं गणित आहे हे. आपल्याला २.५ किलोहर्ट्झ तपासायचे, म्हणून २५०० ला २.४०५ ने भागा: १०४० हर्ट्झ. सेटला डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रोध) लावा, पॉवर सर्वात कमी, सीटीसीएसएस बंद. डोंगलची अँटेना लांब ठेवा नाहीतर तो बिचारा ओव्हरलोड होऊन खोटं दाखवेल. स्क्रीनवर झूम इतका करा की १०४० हर्ट्झवरच्या रेषा सुट्या दिसतील. आता फोनवर १०४० चा टोन लावून पीटीटी (बोलायचं बटण) दाबा आणि आवाज हळूहळू वाढवा. मधली रेषा खाली खाली येत जाईल. आवाज पूर्ण चढवला तरी ती तळाशी जाऊन तिथेच अडखळून राहिली तर लिमिटर २.५ ला थांबवतोय, प्रक्षेपणात सेट खरा नॅरो. ती तळाला जाऊन पुन्हा वर उसळली तर डेव्हिएशन २.५ च्या पलीकडे गेलं. वाइडवर टाकून हेच करून बघा, रेषा जाते, परत येते, फरक डोळ्यांना लगेच दिसतो.

थेम्सकाठ

हे मी क्लबच्या सभेत करून दाखवणार आहे. गिरणीकर, मनापासून आभार.

मृद्गंध, टेट घेतलात तर पॉवरबद्दल: २०२४ च्या बदलानंतर फाउंडेशनला २५ वॉटपर्यंत परवानगी आहे, म्हणजे सेट नियमात बसतो. पण बाल्कनीतून २५ वॉट सोडताना ऑफकॉमची (इथल्या रेडिओ नियामकाची) ईएमएफ अट, म्हणजे माणसांवर पडणाऱ्या रेडिओ लहरींची मर्यादा, बघा, १० वॉट ईआयआरपीच्या (अँटेनाचा गेन धरून निघणाऱ्या पॉवरच्या) वर ती लागू होते. वर, खाली आणि शेजारी माणसं राहतात. रिपीटर जवळ असेल तर ५ वॉट भरपूर होतात, सेट कमी पॉवरवर प्रोग्रॅम करून घ्या. पैसे अँटेनावर घाला. बाल्कनीत स्लिम जिम (तारेची लांबट अँटेना) टांगली, कठड्याच्या लोखंडापासून जरा दूर, तर हँडीच्या रबरी शेपटीच्या तुलनेत जमीन-अस्मानाचा फरक पडेल.

कातळशिल्प, रत्नागिरी

थोडं अवांतर. मृद्गंधताई, पुढे कधी सुट्टीवर येताना सेट बॅगेत टाकून आणायचा विचार असेल तर आधी चौकशी करा. आपल्याकडेही दोन मीटर १४४ ते १४६ च आहे आणि रिपीटर वजा ६०० वरच, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या सेट चालतो. पण इंग्लंडचा परवाना इथे आपोआप चालत नाही आणि परवानगीशिवाय सेट आणला तर कस्टममध्ये अडकतो. वायरलेस सेटची ऑनलाइन विक्रीही २०२५ च्या नियमांनंतर बरीच कडक झाली आहे.

मृद्गंध

चांगलं झालं सांगितलंत, बाबांना दाखवायला आणणारच होते.

क्लबमध्ये विचारलं. एका काकांकडे टेटची केबल आणि सॉफ्टवेअर दोन्ही आहे, आणि पुढच्या रॅलीला ते बरोबर येणार आहेत. तेव्हा टीएम८११० बी१, १३.८ व्होल्टचा सप्लाय आणि बाल्कनीसाठी स्लिम जिम, असं ठरवलंय. फिरायला एक स्वस्त हँडी नंतर बघेन. त्याबद्दलच शेवटचं विचारते: मैत्रिणीच्या यूव्ही-५आरमध्ये १४५.६१२५ टाकायला गेले तर शेवटचा ५ लागतच नाही, भलतीच फ्रिक्वेन्सी दिसते. सेट खराब आहे का?

थेम्सकाठ

खराब नाही. स्टेप, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलण्याचा टप्पा, ५ किलोहर्ट्झवर असणार. १ नंबरच्या मेनूत स्टेप १२.५ किंवा २.५ करा, मग पुन्हा टाका. जुन्या सेटमध्ये मात्र एक गंमत असते, पडद्यावर १४५.६१२ एवढंच दिसतं आणि आत फ्रिक्वेन्सी पूर्ण ६१२५ असते, जागा नसल्यामुळे शेवटचा आकडा दाखवत नाहीत. सेकंडहँड घेताना स्टेपच्या यादीत १२.५ आहे एवढं बघितलं की झालं. आणि मैत्रिणीच्या सेटची डब्ल्यूएन मेनू त्याच वेळी नॅरोवर करून चॅनेल पुन्हा साठवा, नुसती सेटिंग बदलून मेमरीतला जुना चॅनेल बदलत नाही.

मृद्गंध

१२.५ केलं, बसलं. आज संध्याकाळी तिच्यासोबत रिपीटरवर येते. थेम्सकाठ, तुम्हाला रेडिंगहून तो ऐकू येतो का?

थेम्सकाठ

इथून नाही, मध्ये टेकड्या आहेत. पण रविवारी मी नॉर्थम्प्टनला असेन, गाडीत सेट आहे. दुपारी चारला कॉल द्या.